तेरेखोलचा चौक

गोव्यातल्या केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की तेरेखोलचा किल्ला नदीपलीकडे दिसू लागतो. टेकडी बेताची, तट त्याहून बेताचा. पण जागा हेरणाऱ्याची नजर पाहावी! नदी जिथे समुद्राला मिळते, तिथेच उत्तर काठावर हा किल्ला बसवला आहे. आत शिरणारं प्रत्येक गलबत त्याच्या डोळ्यांखालूनच जाणार.

बांधला तो सावंतवाडीकर भोसल्यांनी, सतराव्या शतकात. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैद याने तो जिंकला. पेडण्यातल्या हळर्णच्या किल्ल्यावरून ज्याला पुढे ‘आलोर्नचा मार्कीज’ हा किताब मिळाला, तोच हा. बाकीचं पेडणे पोर्तुगिजांच्या हाती यायला १७८८ उजाडलं. एवढी वर्षं हे ठाणं नदीपलीकडे, पाठीशी सावंतांचा मुलूख घेऊन एकटं राहिलं. त्याची घट्ट, आत वळलेली बांधणी त्या एकटेपणाला शोभते. शिपाई, दारूगोळा, देव, सगळं एकाच कुंपणात.

दरवाजातून आत आलं की मोठं अंगण असेल असं वाटतं, आणि समोर उभी राहते ती इगर्ज. सांत आंतोनीची, पांढरीशुभ्र, जवळजवळ सारा चौक व्यापून बसलेली. मागे सरून तिचा दर्शनी भाग एका नजरेत घ्यावा, तर पाठ तटाला टेकते. मोकळ्या मैदानात ही वास्तू साधीच वाटली असती. इथे जांभ्याच्या काळसर चिऱ्यांमुळे तिचा पांढरा रंग झळाळतो, आणि तटाच्या ठेंगणेपणामुळे तिची उंची दुणावते. अडचणीच्या जागेतून एवढी भव्यता काढणारा गवंडी मोठाच म्हणायचा.

पुढे या किल्ल्याचं हॉटेल झालं. ते करताना खरी परीक्षा या चौकातच होती. ठाण्याचं अतिथिगृह करायचं म्हणजे पहिला मोह चौकाचा: तिथे टेबलं मांडा, स्वागतकक्ष थाटा. इथे तो आवरला आहे. इगर्ज देवाचीच राहिली, आणि पाहुण्यांच्या खोल्या तटाच्या कडेकडेने, पूर्वी शिबंदी राहायची त्या अंगाला वसल्या. खोल्या मोजून सात. त्यांना क्रमांक नाहीत, वारांची नावं आहेत. पाहुणा सोमवारात उतरतो, नाहीतर शुक्रवारात. आकडा घातला असता तर कोठडीची आठवण झाली असती. वाराच्या नावाने खोलीला घरपण आलं. सातच खोल्या असल्याने आठवडा नेमका पुरतो, आणि आठवी बांधायला जागाच उरत नाही. वाढीचा मोह नावातच बांधून टाकणारी ही युक्ती मला फार देखणी वाटते.

मग फांजीवर चढावं. खालच्या चौकात कोंडलेली नजर इथे एकदम सुटते: एका बाजूला समुद्र, समोर केरीची पांढरी वाळू, डावीकडे नदीचं गढूळ हिरवं पाणी. पहारेकऱ्यासाठी केलेली ही सोय आज पाहुण्याला दृश्य म्हणून मिळते, आणि त्यासाठी नव्याने काहीच बांधावं लागलं नाही. वास्तूचा उपयोग बदलताना तिच्या मूळ गुणालाच कामाला लावणं, हे या कामाचं मर्म.

पण या तटांनी रक्तही पाहिलं आहे. पहिले गोमंतकीय प्रशासक बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह यांना १८३५ मध्ये लष्कराने पदावरून हुसकावलं, तेव्हा त्यांच्या बाजूच्या शिबंदीची इथे कत्तल झाली. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेद आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही किल्ल्यात शिरले आणि पोर्तुगीज सत्ता असतानाच त्यांनी इथे तिरंगा फडकवला. पुढे त्यांना अटक झाली. पाहुण्यांना ही हकीकत कळायलाच हवी. ती सांगितल्याने मुक्कामाची गोडी कमी होत नाही.

गोव्यात जुन्या वास्तूंना नवं काम मिळण्याची उदाहरणं कमी नाहीत. आग्वादच्या कुशीत १९७४ मध्ये आलिशान हॉटेल उभं राहिलं, रेइश मागुशच्या किल्ल्याचं सांस्कृतिक केंद्र झालं. तरी मला तेरेखोल उजवं वाटतं, कारण इथे पाहुणा मालकासारखा वावरत नाही. मान इगर्जीचा, तो कडेचा बिऱ्हाडकरू. तुम्ही गेलात तर रेडीकडून गाडीने थेट दारात उतरू नका. केरीहून फेरीनेच या, आणि चौकात शिरल्यावर आधी इगर्जीसमोर दोन मिनिटं थांबा. खोली नंतर पाहता येईल.