उंचीची परवानगी आणि उंचीचे प्रयोजन : खानदेशातील ड्रोन-चित्रीकरणाचा विचार

प्रास्ताविक

जळगाव व धुळे जिल्ह्यांत लग्नसमारंभाचे चित्रण, अहिराणी गीतांच्या चित्रफिती, संस्थांचे माहितीपट आणि भूखंडविक्रीच्या जाहिराती यांत ड्रोनने टिपलेली दृश्ये आता सर्रास आढळतात. पूर्वी हेलिकॉप्टर अथवा मोठी क्रेन असल्याशिवाय जे दृश्य मिळत नसे, ते तालुक्याच्या गावातील छायाचित्रकारालाही साध्य झाले आहे. ही बाब स्वागतार्ह आहे. तथापि या विषयाची चर्चा ‘परवानगी लागते की नाही’ या एकाच प्रश्नाशी थांबते. उंची कशासाठी घेतली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

कायद्याची चौकट

ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ड्रोनच्या खाजगी वापरास मनाई केली. डिसेंबर २०१८ पासून तो सशर्त खुला झाला आणि ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी अटी पुष्कळ शिथिल केल्या. या नियमांनुसार हरित क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. जळगावचे विमानतळ शहरालगत असल्याने शहराचा बराच भाग त्याहूनही जवळ येतो; तेथे हवाई क्षेत्राचा नकाशा पाहिल्याविना उड्डाण करणे धोक्याचे ठरते. ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक हवा. २५० ग्रॅमहून अधिक वजनाचा ड्रोन व्यवसायासाठी वापरणाऱ्यास दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र व त्रयस्थ पक्षाचा विमाही आवश्यक आहे. चांगदेवच्या मंदिरासारख्या संरक्षित स्मारकासाठी पुरातत्त्व विभागाची, तर यावल अभयारण्यासाठी वनविभागाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

मालकीचा मुद्दा मात्र दुर्लक्षित राहतो. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटाचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसल्यास, तो करवून घेणारा असतो. म्हणजे लग्नातील ड्रोन-दृश्ये छायाचित्रकाराने स्वतःच्या जाहिरातीत परस्पर वापरणे कायद्याला धरून नाही. एका पानाचा लेखी करार हा प्रश्न सोडवू शकतो.

संमतीचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान मिळाले. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खाजगी कृतीचे चोरून केलेले चित्रण दंडनीय ठरवते. परंतु तापीच्या घाटावर धुणे धुणारी बाई किंवा उन्हाळ्यात धाब्यावर झोपलेले कुटुंब अनाहूतपणे चौकटीत आले, तर त्यांच्या संकोचाला या तरतुदींत पुरेसे उत्तर नाही. ड्रोन नियम प्रामुख्याने यंत्र कोठे उडावे हे सांगतात; खाली कोण आहे, हे पाहण्याची जबाबदारी चित्रकर्त्यावर येते.

दृश्यभाषेचा विचार

येथेच कलेचा प्रश्न उभा राहतो. लळिंगचा किल्ला केवळ पायथ्याशी उभे राहून पुरता समजत नाही. वरून पाहिल्यावर किल्ला आणि खालून जाणारा मुंबई-आग्रा मार्ग एकाच चौकटीत येतात. किल्ला तेथेच का बांधला, याचे उत्तर मिळते. चांगदेवजवळील तापी-पूर्णा संगमाचेही तसेच आहे. अशा ठिकाणी उंची हे विवेचनाचे साधन बनते.

याउलट रावेर-यावलच्या केळीबागा घ्याव्यात. वरून त्या हिरव्या गालिच्यासारख्या दिसतात. पण घड, ठिबकच्या नळ्या आणि डोक्यावरून घड वाहणारे मजूर हे सारे पानांच्या खाली असते. आकाशातून घेतलेले दृश्य केळीची समृद्धी दाखवते, तिच्यामागचे श्रम झाकते. पाहणाऱ्याची नजर वर गेली की माणूस ठिपका होतो, आणि ठिपक्याची संमती घ्यावी असे कोणास वाटत नाही. संमतीचा अभाव आणि दृश्याचा उथळपणा यांचे मूळ बरेचदा एकच असते.

याच मातीत वेगळी परंपराही आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी घराबाहेर क्वचितच पडून, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून विस्तीर्ण निसर्गदृश्यांचा भास निर्माण केला. शेजारच्या मालेगावातील हौशी चित्रकर्त्यांनी सायकल व बैलगाडीवर कॅमेरा चढवला. २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने त्यांची धडपड जगापुढे आणली. दोन्हीकडे साधन तुटपुंजे होते, म्हणून प्रत्येक दृश्याला कारण द्यावे लागे. ड्रोनने ही सक्ती संपवली. कारण देण्याची सवय मात्र संपता कामा नये.

समारोप

नियमांचे पालन ही किमान अट आहे, तिने चित्रण चांगले ठरत नाही. आपल्या महाविद्यालयांतून माध्यमांचे अभ्यासक्रम शिकवताना हवाई क्षेत्राच्या नकाशाबरोबर तीन प्रश्नही शिकवावेत : ही उंची काय उलगडते, काय झाकते आणि खाली असलेल्यांना तिची कल्पना दिली आहे काय? उड्डाणापूर्वी गावात जाऊन चार शब्द बोलणे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. तरीही व्यवसायाची प्रतिष्ठा आणि दृश्याचा कस या दोहोंचा आरंभ तेथूनच होतो.