नॉर्फोक कोणत्या यादीत बसतं?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्फोक नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. तिची ओळख पाच ते सात वर्षांच्या मुलांना कशी करून द्यायची, एवढ्याच प्रश्नावर आज आम्ही बोलणार आहोत. प्रश्न छोटा दिसतो. पण निसर्ग कशाला म्हणायचं आणि माणसानं केलेलं कशाला, ही विभागणी मूल याच वयात शिकतं, आणि मग ती सहजी पुसली जात नाही.

इंग्लंडमध्ये २०१४पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात या वयासाठी भूगोलातल्या शब्दांच्या दोन याद्या आहेत. एक नैसर्गिक गोष्टींची : पुळण, कडा, किनारा, नदी, टेकडी. दुसरी मानवी : शहर, गाव, शेत, घर, बंदर, दुकान. इतिहास वेगळा विषय, आणि त्यात महत्त्वाची माणसं. नॉर्फोकपुरतं म्हणजे बहुधा रोमनांशी लढलेली राणी बूडिका आणि बर्नहम थॉर्पला १७५८ साली जन्मलेला नेल्सन. याद्या शिक्षकाला सोयीच्या आहेत, हे मान्य. तक्रार एवढीच, की नॉर्फोक त्यांत मावत नाही.

तिथले ब्रॉड्स बघा. उथळ तळी, कडेला बोरू, वर पक्षी. कोणीही म्हणेल, निसर्ग! लोक तसंच मानत होते. १९५०च्या दशकात जोइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळाशी भोकं पाडून माती तपासली, तेव्हा दिसलं की तळ सपाट आहेत आणि कडा सरळ उभ्या, खणल्यासारख्या. खणलेल्याच होत्या त्या! मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत साठलेली वनस्पतींची माती, काढून नेली. पुढे पाणी चढलं आणि खड्ड्यांची तळी झाली. आता हा शब्द कुठल्या यादीत घालायचा?

किनाऱ्याचंही तेच. हेझबरा नावाच्या गावाजवळ (स्पेलिंग बघून हा उच्चार कुणालाही सुचणार नाही, ते सोडा) २०१३ साली पुळणीवर आठ लाख वर्षांहून जुने पायाचे ठसे सापडले. त्यांत मुलांचेही होते, बरं का. लाटांनी ते काही आठवड्यांतच पुसून टाकले. ते चालले तेव्हा ब्रिटन बेटच नव्हतं, युरोपला जोडलेलं होतं. ज्या समुद्रानं कडा झिजवून ते ठसे उघडे केले, त्यानंच ते नेले, आणि त्याच गावातली कड्यावरची घरंही नेली.

यावर कोणी म्हणेल, सात वर्षांच्या पोराला घरं पडल्याचं सांगून घाबरवायचं कशाला? आम्हांला हा आक्षेप पटत नाही. त्या गावातलं पोर रस्ता कड्यापाशी तुटलेला रोज बघतं. वर्गातल्या नकाशावर मात्र किनाऱ्याची रेघ पक्की. मग मूल डोळ्यांवर विश्वास ठेवणार की नकाशावर? शाळेनं त्याला हा पेच गप्प बसून घालू नये.

जवळच एक्ल्स नावाचं गाव होतं. समुद्रानं ते गिळलं. चर्चचा मनोरा तेवढा पुळणीवर एकटा उभा राहिला, आणि १८९५ साली तोही कोसळला. त्या मनोऱ्याची जुनी छायाचित्रं आहेत. पहिल्या दिवशी वर्गात त्यांतलं एक दाखवावं आणि मुलांना बोलू द्यावं. नेल्सन दुसऱ्या आठवड्यात शिकवला तरी चालेल.