आशंकेविना संवाद

मराठी माणसाला मुलाखतीचे वेड जुनेच आहे. व्याख्यानमालेचा मंच, त्यावर दोन खुर्च्या, मध्ये पाण्याचा तांब्या ठेवलेले मेज आणि समोर कान देऊन बसलेले गाव, हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल. दिवाळी अंकांनी ती मुलाखत छापली, दूरदर्शनने ती घरात आणली. पुढे ‘ग्रेट भेट’, ‘माझा कट्टा’ ह्यांसारख्या कार्यक्रमांनी वाहिन्यांवर तिला हक्काची जागा मिळवून दिली. गेल्या काही वर्षांत तिने आणखी एक रूप धारण केले आहे. दोन-दोन, तीन-तीन तासांचे संभाषण आता मोबाइलवर ऐकता येते. त्याला पॉडकास्ट असे नाव आहे. समोर बसलेली व्यक्ती कधी उद्योजक असते, कधी हिमशिखरे चढून आलेला गिर्यारोहक, कधी विचारवंत. विषय मात्र बहुधा एकच असतो: आयुष्याचे ध्येय आणि माणसाची महत्त्वाकांक्षा.

ह्या प्रकाराकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहावे आणि त्याचे गुणदोष तपासावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याला निमित्त मात्र घरगुती घडले. जालना शहरातील आमच्या परिचयाच्या एका ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा कृषी शाखेचा पदवीधर आहे. रोज रात्री तो अशी एक तरी मुलाखत ऐकतो. मुलगा सालस, निर्व्यसनी. परंतु अलीकडे तो जेवताना बोलेनासा झाला आहे. त्याच्या आईने एके दिवशी विचारले, “सर, एवढ्या चांगल्या माणसांचं ऐकून माणूस उदास कसा होतो?” ह्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांला देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रदीर्घ संवाद ही काही परकी चीज नव्हे. ज्या जालना जिल्ह्यात हा मुलगा राहतो, त्याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म तेथे १६०८ साली झाला. त्यांचा ‘दासबोध’ हा गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने सिद्ध झालेला ग्रंथ. त्याच शतकात, १६१६ साली, गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. तेथेही पाद्रीगुरू बोलत असतात, श्रोत्यांमधील एक ब्राह्मण प्रश्न विचारतो आणि त्याच्या प्रश्नामुळे कथेला वळण मिळते. एक ग्रंथ मठातला, दुसरा चर्चच्या आवारातला. एकाचा कर्ता मराठवाड्याचा, दुसऱ्याचा इंग्लंडहून आलेला. तरीही दोघांनी श्रोत्याला एकच अधिकार दिला आहे. जुन्या मराठीत त्याला ‘आशंका’ म्हणतात.

आशंका म्हणजे कुत्सित शंका नव्हे आणि अज्ञानातून आलेली पृच्छाही नव्हे. ‘आपण म्हणता ते पटते, पण मग अमुक गोष्टीचा मेळ कसा घालायचा?’ असे आदराने म्हणणे ही आशंका. ती घेणारा श्रोता वक्त्याचा सन्मान करतो, कारण तो त्याचे बोलणे खरोखर ऐकत असतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या महाग्रंथात प्रत्येक मुद्द्यावर आधी विरुद्ध पक्ष मांडला आणि मगच आपले उत्तर दिले. तीही हीच रीत. ज्या संवादात आशंकेला जागा असते, तेथे वक्त्यालाही आपले म्हणणे नव्याने तपासावे लागते.

आजच्या दीर्घ मुलाखतींचे आमच्या मते मुख्य वैगुण्य हे, की त्यांत वेळ मुबलक आहे, परंतु आशंका नाही. मुलाखतकार नम्र असतो, अभ्यासूही असतो. पण तो प्रश्न विचारण्याऐवजी बहुधा वाट करून देतो. ‘त्या कठीण काळात तुम्हांला कशाने तारले?’ असे विचारल्यावर उत्तर ठरलेलेच: जिद्द, चिकाटी, स्वतःवरचा विश्वास. ही उत्तरे खोटी नसतात. पण ती शेवटाकडून मागे वळून दिलेली असतात. यश हाती आल्यावर मागच्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा पायरीसारखा दिसू लागतो. त्याच खड्ड्यात जे पडून राहिले, त्यांच्याजवळही जिद्द होती. पण त्यांना कोणी खुर्चीवर बसवत नाही, म्हणून त्यांची साक्ष नोंदली जात नाही.

दुसरे वैगुण्य शब्दांच्या वापरात आहे. ‘महत्त्वाकांक्षा’ आणि ‘प्रयोजन’ हे दोन शब्द ह्या संभाषणांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वस्तुतः मला काय व्हायचे आहे, हे महत्त्वाकांक्षा सांगते. मी कोणाच्या उपयोगी पडायचे आहे, हे प्रयोजन सांगते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकट्याला देता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना शेजारचा माणूस लागतोच.

प्रश्नकर्ता चांगला असला म्हणजे काय घडते, ह्याचे एक उत्तम उदाहरण मराठीत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते नवा प्रदेश शोधण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे ह्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंडाचा वणवा भेटला. त्यांनी झाशीचा पाडाव पाहिला, लूट पाहिली, स्वतःही लुटले गेले. जमवलेले धन बहुतांशी गेले. पण गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. पुढे भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी त्यांना ही हकिकत लिहून काढण्यास सांगितले आणि १९०७ साली ‘माझा प्रवास’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वैद्यांनी जर त्यांना ‘तुमच्या यशाचे रहस्य काय?’ असे विचारले असते, तर गोडसे भटजींजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते. ‘तुम्ही काय पाहिले?’ ह्या प्रश्नाला मात्र एक अख्खे पुस्तक उत्तर म्हणून मिळाले. महत्त्वाकांक्षेच्या हिशेबात तो प्रवास तोट्याचा ठरतो; प्रयोजनाच्या हिशेबात कावड घरी पोचली होती.

आता पुन्हा जालन्याकडे येऊ. दीर्घ मुलाखतीला सर्वार्थाने योग्य असा उद्योजक ह्या शहराने देशाला दिला आहे: बद्रीनारायण बारवाले. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात तरुणपणी भाग घेतलेला हा माणूस भेंडीच्या ‘पुसा सावनी’ ह्या वाणाचे बियाणे आपल्या शेतात पिकवू लागला आणि १९६४ साली त्याने महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, उभी केली. बियाणे पुरवणे हे मुख्यतः सरकारी काम समजले जाई, तो हा काळ. संकरित ज्वारी, बाजरी, कापूस ह्यांचे बियाणे जालन्याहून दूरदूरच्या शेतांत गेले. बारवाले ह्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. जालन्यातील गणपती नेत्रालय हेही त्यांच्याच पुढाकाराचे फळ. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

ही चरित्ररेखा प्रचलित मुलाखतीच्या साच्यात किती सहज बसते पाहा. लहान गाव, मोठे स्वप्न, सुरुवातीच्या अडचणी, अखेर जागतिक सन्मान. ऐकणारा भारावून जाईल. आणि नेमके ह्याच ठिकाणी आदराने आशंका घेतली पाहिजे, कारण हा माणूस तिला पात्र आहे.

पहिली आशंका अशी: संकरित वाणाचे घरचे बियाणे पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, म्हणून शेतकऱ्याला दर हंगामी दुकानाची पायरी चढावी लागते. उत्पन्न वाढले हे खरे; पण पिढ्यान्‌पिढ्या कणगीत बी राखणाऱ्या घरातील म्हाताऱ्या बाईचे ज्ञान निरुपयोगी ठरले, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? दुसरी आशंका: महिको आणि मोन्सॅन्टो ह्यांच्या भागीदारीतून आलेल्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. सुरुवातीस बोंडअळीपासून दिलासा मिळाला. परंतु पुढे गुलाबी बोंडअळी ह्या कापसाला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिने जबर फटका दिला. एखादे साधन उपयोगी ठरून पुन्हा अपुरे पडते, तेव्हा ते देणाऱ्याची जबाबदारी कोठवर पोचते?

तिसरी आशंका सर्वांत साधी आहे. संकरित कापसाचे बी तयार करताना कळी उमलण्याच्या आदल्या दुपारी तिच्यातील पुंकेसर नखाने खुडून काढावे लागतात आणि दुसऱ्या सकाळी नर वाणाचे पराग तिच्यावर हाताने लावावे लागतात. हे काम एकेका फुलाशी, दिवसामागून दिवस, मुख्यतः मजूर स्त्रिया करीत आल्या. ‘आयुष्याचे ध्येय’ ह्या विषयावर त्यांच्यापैकी एकीला तरी तीन तास कोणी बोलते केले आहे काय? अमेरिकेत स्टड्स टर्केल ह्यांनी १९७४ साली ‘वर्किंग’ ह्या ग्रंथात सामान्य कामकऱ्यांना त्यांच्या कामाविषयी बोलते केले. अनिल अवचटांनी आपल्याकडे विडी कामगार, हमाल अशा माणसांपाशी बसून लिहिले. म्हणजे हे अशक्य नाही.

ह्या आशंका बारवाले ह्यांचे मोठेपण कमी करण्यासाठी नाहीत. भेंडीच्या एका वाणापासून निघालेला माणूस त्यांना काय उत्तर देता, हे ऐकायला मिळते तर ती मुलाखत आमच्या मराठी गद्याचा ठेवा झाली असती. स्तुतीने माणूस पुतळ्यासारखा दिसू लागतो. कठीण पण आदरयुक्त प्रश्नाने तो पुन्हा माणूस होतो.

ह्याच जिल्ह्यात एक दुसरीही कथा आहे, आणि ती मुलाखतीच्या साच्यात बसता बसत नाही. जालना तालुक्यातील कडवंची हे कोरडवाहू गाव. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने तेथे माती अडवण्याचे आणि पाणी जिरवण्याचे काम झाले. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या, आणि २०१२ च्या भीषण दुष्काळात जिल्हा टँकरवर जगत असताना ह्या गावाच्या बागा टिकल्याच्या वार्ता सर्वत्र पोचल्या. हा पाणलोट कार्यक्रम महाराष्ट्रात रुजवण्यात स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर ह्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे कार्यक्षेत्र नगर जिल्हा. तेथे त्यांनी आयुष्याची कित्येक दशके वेचली. ह्या कार्यक्रमाची रीत अशी, की निधी मिळण्यापूर्वी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतः मान्य करायची. म्हणजे आधी गावाशी बोलायचे, गावाच्या आशंका ऐकायच्या, मग कुदळ उचलायची.

अशा कामाची मुलाखत कोणाची घ्यायची? बांध घालणाऱ्याची, शेळ्या विकून टाकणाऱ्या बाईची, की सभेत विरोध करून अखेर राजी झालेल्या म्हाताऱ्याची? येथे ‘मी’ ह्या सर्वनामाला फारसा वाव नाही. म्हणूनच बहुधा तिकडे ध्वनिमुद्रणाची साधने फारशी वळत नाहीत.

मत्तयच्या शुभवर्तमानातील एक दाखला आपल्या परिचयाचा आहे. धनी आपले धन तीन चाकरांच्या स्वाधीन करून परदेशी जातो आणि परतल्यावर हिशेब घेतो. पहिल्या दोघांनी धन दुप्पट केलेले असते; तिसऱ्याने ते भीतीपोटी जमिनीत पुरलेले असते. दाखल्याचा नेहमीचा अर्थ आपण जाणतो आणि तिसऱ्याचे समर्थन येथे करायचे नाही. पण शुभवर्तमानाने एक गोष्ट केली आहे. यशस्वी दोघांचे बोलणे एकेका वाक्यात उरकले आहे आणि तिन्ही चाकरांत सर्वांत लांब बोलणे ह्या तिसऱ्याचे नोंदवले आहे. धन्याने त्याला दोषी ठरवले, पण त्याचे म्हणणे पुरते ऐकून मग. आमच्या मुलाखतींत फक्त पहिले दोघे येतात. तिसऱ्याची भीती काय होती, हे आम्ही विचारीतच नाही. आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात तीच भीती असते.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडते असे वाटते. मुलगा उदास होतो, कारण रोज तीन तास ऐकूनही त्याच्या आशंकेला तेथे कोणी वाचा फोडत नाही. सगळे पोचलेले लोक बोलतात. निघावे की नाही ह्या विचारात उंबरठ्यावर उभा असलेला तो एकटाच. मुलाखती ऐकू नकोस, असे आम्ही त्याला सांगितले नाही. एवढेच सुचवले, की एक वही जवळ ठेव आणि ज्या ठिकाणी मुलाखतकाराने थांबून विचारायला हवे होते, त्या ठिकाणचा प्रश्न लिहून ठेव.

पंधरा दिवसांनी त्याने वही दाखवली. तिच्यातील सातवा की आठवा प्रश्न एका उद्योजकासाठी लिहिलेला होता: ‘तुम्ही गाव सोडलं तेव्हा घरची शेती कोणी पाहिली?’ त्या खाली पेन्सिलीने, थोड्या बारीक अक्षरात, त्याने स्वतःसाठीच लिहिले होते, ‘हे बाबांना विचारायचं.’ त्याच रात्री त्याने ते विचारले आणि बापलेक उशिरापर्यंत बोलत बसले होते, असे त्याच्या आईने आम्हांला नंतर सांगितले.