ताल धरणारा मेंदू: एका प्रयोगाची उलटतपासणी

ठेका सुरू झाला की "मेंदू ताल धरतो" असं आपण सगळेच सहज बोलून जातो. पण हे दाखवलंय कुणी? त्यासाठी नेहमी पुढे केला जाणारा एक प्रयोग आज आपण जरा बारकाईने तपासू. सिल्वी नोझारादान, इझाबेल पेरेत्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला.

त्यात आठ जणांना सेकंदाला २.४ ठोके, म्हणजे मिनिटाला १४४, अशा गतीचा आवाज ऐकवला आणि ईईजीने डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या. त्या लहरींतल्या वारंवारता गणिताने वेगळ्या केल्या, तेव्हा बरोबर २.४ हर्ट्झला शिखर दिसलं. झालं! मेंदू आवाजाशी जुळला, असं म्हणून बरेच जण इथेच थांबतात.

आपण थांबायचं नाही. श्रवण कॉर्टेक्स म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या घडीत दडलेला ऐकण्याचा भाग. आवाज आला की तो प्रतिसाद देतो. ठरावीक अंतराने आवाज आले की प्रतिसादही त्याच अंतराने उठणार, आणि शिखर दिसणारच. दारावर कुणी एका लयीत थाप मारत असेल तर दारही त्या लयीत हादरतं. म्हणून दाराला ताल कळतो असं आपण म्हणत नाही ना? साधारण हाच आक्षेप जाकोमो नोव्हेम्ब्रे आणि जान दोमेनिको यान्नेत्ती यांनी २०१८ मध्ये अशा अभ्यासांवर घेतला. मेंदूतलं स्वतःचं आंदोलन आवाजाशी जुळतंय, की प्रत्येक आवाजामागे सुटा प्रतिसाद उठतोय, हे नुसत्या शिखरावरून ठरत नाही. आक्षेप आपल्याला रास्त वाटतो.

मग प्रयोग बाद करायचा का? नाही. त्याची खरी ताकद पुढच्या भागात आहे. आवाज तोच ठेवून लोकांना सांगितलं, ठोके मनात दोन-दोनचे धरा. मग तीन-तीनचे धरा. दोनचे धरले तेव्हा १.२ हर्ट्झला शिखर आलं, तीनचे धरले तेव्हा ०.८ आणि १.६ ला. आवाज बदललाच नव्हता. बदललं होतं ते मनातलं मोजणं. हे काही दाराला जमायचं नाही.

तरी दोन उणिवा राहतात. एक, लोकांना गट धरायला सांगितलं होतं; न सांगता आपोआप असं होतं का, याचं उत्तर यात नाही. दोन, डोक्यावरच्या ईईजीत अनेक भागांचे संकेत मिसळतात. ते शिखर श्रवण कॉर्टेक्सचं, की मनात मोजताना जागे होणारे हालचालीचे भागही त्यात आहेत, हे स्पष्ट होत नाही.

पहिल्या उणिवेवर आधीचाच एक अभ्यास उपयोगी पडतो. इश्तवान विंकलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये झोपलेल्या नवजात बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला मुख्य ठोका गाळला. ठोका गाळलेल्या त्या जागी बाळांच्या मेंदूत वेगळा प्रतिसाद उमटला. बाळांना मोजायला कुणी सांगणार? म्हणजे काहीतरी अपेक्षा होती. पण अपेक्षा होती म्हणजे आंदोलन होतं, असंही नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण "ठरावीक ठेका ऐका, मेंदू त्याला जुळेल, एकाग्रता वाढेल" असं सांगून आज बरंच काही विकलं जातं. बोलायला उशीर लागलेल्या मुलाचे आईवडील ते आशेने विकत घेतात. शिखर दिसणं आणि उपचार होणं यांत फार मोठं अंतर आहे.

उलट, जिथे दार हादरलं एवढंच कळायला हवं असतं, तिथे हे शिखर खरंच कामाचं आहे. झोपलेल्या तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी घ्या. सेकंदाला ८० ते १०० वेळा चढउतार करणारा आवाज ऐकवतात आणि त्याच वारंवारतेचा प्रतिसाद शोधतात. तो मुख्यतः कॉर्टेक्सच्या खालून, मेंदूच्या देठातून येतो. बाळाला किती आवाज पोचतोय याचा अंदाज त्यावरून बांधतात. बाळाला ताल कळतो, असा दावा तिथे कुणी करत नाही.

म्हणून पुढच्या वेळी "मेंदू जुळला" असं वाचलं, की आपण दोनच प्रश्न विचारू: आवाज तोच असताना काही बदललं का? आणि आवाज नसताना काही उमटलं का?