प्रवासवर्णन आणि स्थळाची भाषा

प्रवासवर्णन हा मराठीतील अत्यंत लोकप्रिय वाङ्मयप्रकार होय. परंतु त्याची समीक्षा त्या मानाने दरिद्री राहिली आहे. कादंबरीचे परीक्षण करताना आमचे टीकाकार स्वभावरेखन, संविधानक, जीवनदर्शन असे अनेक निकष लावतात. प्रवासवर्णन समोर आले की मात्र 'शैली खेळकर आहे, माहिती भरपूर आहे' एवढ्यावर त्यांची लेखणी विसावते. लेखकाने जे स्थळ वर्णिले, त्या स्थळी जन्मून तेथेच वाढलेल्या माणसाला हे वर्णन ओळखीचे वाटेल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते या वाङ्मयप्रकाराचा पहिला निकष हाच असावयास हवा. तो स्पष्ट करण्यासाठी आम्ही मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेत आहोत, ते आयर्लंडच्या किनाऱ्याचे. परत यावयाचे आहे ते मात्र आदिलाबाद जिल्ह्यातील बेला या गावी, पैनगंगेच्या काठच्या मराठी मुलखात. कारण हा प्रश्न आम्हांस मुळात तेथेच पडला.

मराठी वाचकाला आयर्लंड ठाऊक झाले ते राजकारणाच्या वाटेने. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली; तिचे नाव आयरिश चळवळीतून आलेले होते, आणि त्याच महिन्यात डब्लिन शहरात ईस्टरचा उठाव झाला. त्या पिढीच्या मनातील आयर्लंड म्हणजे पारतंत्र्याशी झगडणारे एक राष्ट्र. तेथील समुद्र, कुरणे व कोळीवाडे यांच्याकडे तिचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. आजच्या प्रवाशाची गोष्ट नेमकी उलट आहे. तो डब्लिनहून निघून पश्चिमेकडे गॉलवे, डिंगल, मोहरचे कडे अशी वाट धरतो. २०१४ पासून तर या किनाऱ्याने सुमारे २५०० किलोमीटर लांबीचा एक पर्यटनमार्गच आखून दिलेला आहे. क्षणात ऊन व क्षणात पाऊस, दगडी बांधांनी विभागलेली हिरवी शेते, संध्याकाळी पानगृहात चाललेले वादन आणि अनोळखी माणसाची आपुलकीने केलेली विचारपूस, हा सर्व अनुभव खरा आहे. 'अगदी आपल्या कोकणासारखे' हा उद्गारही अप्रामाणिक म्हणता यावयाचा नाही. उणीव आहे ती दुसरीकडे.

ॲकिल नावाच्या बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी एक ओसाड गाव आहे. छप्पर नसलेल्या दगडी घरांची लांबलचक रांग, भोवती गवत आणि खाली समुद्र. प्रवाशाला हे दृश्य रमणीय वाटते, आणि ते रमणीय आहेही. परंतु पश्चिम आयर्लंडातील हे रिकामेपण निसर्गाने दिलेले नाही. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात त्या देशातील सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. पुढेही हा ओघ थांबला नाही. दक्षिणेकडील कोव्ह या एकाच बंदरातून शंभर वर्षांत सुमारे २५ लाख माणसे परदेशी गेल्याचे सांगतात. त्या बंदरातील रंगीत घरांची चढती ओळ आणि १९१२ मध्ये 'टायटॅनिक'ने घेतलेला अखेरचा थांबा एवढेच ज्याच्या वहीत उतरले, त्याने बंदर पाहिले. पण धक्क्यावरून परत फिरणारे आईबाप त्याला दिसले नाहीत.

स्थळाचा इतिहास निदान ग्रंथांतून कळू शकतो. भाषेचे तसे नाही. १८२४ पासून ब्रिटिश सरकारने आयर्लंडची तपशीलवार मोजणी केली, तेव्हा हजारो गावांची, टेकड्यांची व ओहोळांची आयरिश नावे इंग्रजी कानांना जशी वाटली तशी नकाशात उतरली. टेकडीचा रंग किंवा गावकुसाचा किल्ला ज्या नावात सांगितलेला होता, ते नाव अर्थ गमावून नुसता ध्वनी होऊन बसले. ब्रायन फ्रील या नाटककाराने १९८० मध्ये याच विषयावर 'ट्रान्स्लेशन्स' हे नाटक लिहिले. या घटनेचे उत्तरार्धही उद्बोधक आहेत. कोव्ह बंदराचे 'क्वीन्सटाउन' हे नाव राणी व्हिक्टोरियाच्या १८४९ मधील भेटीचे स्मारक. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ते टाकून जुने नाव परत घेतले, पण हे जुने नावही मूळच्या इंग्रजी शब्दाला दिलेला आयरिश वर्णवेष आहे. डिंगलची कथा तर याहून चमत्कारिक. २००५ मध्ये सरकारने त्या गावाचे इंग्रजी नाव रद्द करून केवळ आयरिश नाव अधिकृत केले, तेव्हा खुद्द गावकऱ्यांनीच विरोध केला. प्रवासी वाट चुकतील आणि व्यवहार बुडेल असे पुष्कळांस वाटले. अखेर २०११ मध्ये कायद्याने दोन्ही नावे मान्य झाली. रस्त्यावरची पाटी वाचता न आल्याची तक्रार अनेक प्रवासी करतात. त्या पाटीवर दोनशे वर्षांचे भांडण लिहिलेले आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात येते.

अशा मुलखात परक्याने जावे कसे व लिहावे कसे, याचा वस्तुपाठ जॉन मिलिंग्टन सिंज याने घालून दिला. पॅरिसमध्ये चाचपडत असलेल्या या तरुणास कवी येट्स याने पश्चिमेकडील ॲरन बेटांवर जाऊन राहण्याचा सल्ला दिला. १८९८ ते १९०२ या काळात तो तेथे पाच वेळा गेला, कोळ्यांच्या घरी राहिला, आयरिश भाषा शिकला आणि चुलीपाशी बसून गोष्टी ऐकत राहिला. 'द ॲरन आयलंड्स' हे त्याचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. दूरच्या किनाऱ्याला लागलेले प्रेत अंगावरच्या कपड्यांवरून ओळखले जाते, ही बेटावर ऐकलेली हकीकत त्याच्या १९०४ च्या 'रायडर्स टु द सी' या एकांकिकेत मायलेकींच्या शोकाचा कणा झाली आहे. समुद्राचे वर्णन पुष्कळांनी केले. समुद्रावर गेलेल्या मुलाचा मोजा बहीण कशी ओळखते, हे सिंजला ठाऊक होते. हे ज्ञान दृष्टीने मिळत नाही, ते कानाने मिळते.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. स्थळाला वर्णन ओळखीचे वाटावे याचा अर्थ ते त्याला गोड वाटावे असा नव्हे. सिंजच्याच 'प्लेबॉय' नाटकावर १९०७ मध्ये डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात दंगल झाली. आयरिश खेडुताची बदनामी झाली असे प्रेक्षकांना वाटले. निकष पसंतीचा नसून परिचयाचा आहे. ज्या वर्णनाशी स्थळाला भांडता येते, ते वर्णन त्याच्याविषयीचे असते. बहुसंख्य प्रवासवर्णनांशी भांडणेही शक्य नसते. कारण त्यांतील 'भोळी माणसे' आणि 'रम्य निसर्ग' कोणत्याही गावाला लागू पडतात.

ॲरनच्या दक्षिणेस, डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या ब्लॅस्केट बेटांवर याच्याही पुढची घटना घडली. तेथे रॉबिन फ्लॉवरसारखे विद्वान आयरिश शिकण्यासाठी येत असत. शिकवणारे होते टोमास ओ क्रोहन यांच्यासारखे कोळी व शेतकरी. आपल्या बोलण्याला मोल आहे, हे या पाहुण्यांच्या येण्याने बेटाला उमगले आणि बेटानेच लेखणी हाती घेतली. ब्रायन केली या स्नेह्याच्या आग्रहावरून ओ क्रोहन यांनी लिहिलेले आत्मचरित्र १९२९ मध्ये आयरिश भाषेत प्रसिद्ध झाले; फ्लॉवरने पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर केले. मॉरिस ओ'सलिव्हन व पेग सेयर्स यांची पुस्तके त्यामागोमाग आली. १९५३ मध्ये बेटावरची उरलेली मूठभर माणसे मुख्य भूमीवर हलविण्यात आली. बेट रिकामे झाले. पण मुके झाले नाही. प्रवाशाच्या येण्याचे याहून मोठे फळ आम्हांस कल्पिता येत नाही.

सिंजला ॲरनकडे पाठविणाऱ्या येट्सचा मराठी प्रवासवर्णनाशीही संबंध आला होता, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जावयास हवी. बडनेऱ्यास जन्मलेले श्रीपुरोहितस्वामी यांनी आपले गुरू भगवान हंस यांच्या कैलास-मानसयात्रेचा मराठी वृत्तांत इंग्रजीत आणला. 'द होली माउंटन' या नावाने तो १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची प्रस्तावना येट्सने लिहिली. आयर्लंडातही मेयो परगण्यात समुद्राकाठी क्रोह पॅट्रिक हा सुमारे ७६४ मीटर उंचीचा डोंगर आहे. जुलैच्या अखेरच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, काही तर अनवाणी. यात्रा म्हणजे काय हे ज्या देशाला ठाऊक आहे, त्या देशाच्या कवीला मराठी यात्रिकाचा वृत्तांत परका वाटला नाही, यात नवल नाही.

आणि आमच्या परंपरेचा आरंभच मुळी स्थळाविषयीच्या अशा आदराने झालेला आहे. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, त्या स्थळांची नोंद करणारी महानुभावांची 'स्थानपोथी' देवळाचे दार कोणत्या दिशेस, ओटा कोठे, वाट कोणीकडून, हे सारे सांगते. तेथे लेखकाचा 'मी' नाहीच, स्थळ आहे. आधुनिक काळात गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'त नर्मदाकाठ पायाखालून गेलेला असल्याची खूण पानोपानी पटते. याउलट अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) पासून पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत (१९६०) जो दुसरा प्रवाह वाहिला, त्यात प्रवासी हाच नायक आहे. त्या पुस्तकांचा आनंद आम्ही नाकारीत नाही. 'अपूर्वाई'तील विनोद बहुधा स्वतःवरच रोखलेला असल्याने तो परमुलखाचा अवमान करीत नाही, हे तिचे शील होय. परंतु त्यांच्या अनुकरणातून जे असंख्य लेखन निपजले, त्यात लेखकाचे रुसवेफुगवे, खाण्याचे हाल आणि विमानतळावरील फजिती यांनीच पाने भरली. स्थळ मागच्या पडद्यापुरते उरले.

पंधरा दिवसांच्या प्रवासात परकी भाषा कशी शिकावी, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. आमची अपेक्षा भाषा शिकण्याची नाही. आपल्याला ती येत नाही, याची जाणीव वाक्यात उमटावी एवढीच आहे. ज्या नावाचा अर्थ कळला नाही ते नाव विचारावे. जे घर बंद दिसले ते का बंद आहे, हे पुसावे. कोकणातील कुलूप लावलेली घरे पाहून 'शांतता' लिहिणारा प्रवासी आणि मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचा हिशेब मनात धरणारा प्रवासी, यांचे गद्य एक असू शकत नाही. मालवण तालुक्यातील वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर परदेशी गेले. त्यांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये वराडला येऊन गेले. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी खरी गोष्ट ही आहे. घर सोडून जाणे दोघांनाही ठाऊक आहे. पावसाचे साम्य त्यापुढे वरवरचे होय.

आता बेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. बेला पैनगंगेच्या अलीकडे, प्रथम आंध्र प्रदेशात व २०१४ पासून तेलंगणात राहिले. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आसपास गोंडी व कोलामी, असा येथील भाषाव्यवहार. या जिल्ह्यातही प्रवासी येतात. ते कुंतालाचा धबधबा पाहतात, केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेस हजेरी लावतात. मेसराम कुळाची माणसे त्या यात्रेसाठी गोदावरीचे पाणी पायी चालून आणतात. ती वाट मात्र त्यांच्या वर्णनात क्वचितच येते. आणि आमच्या मराठीविषयी लिहावयाचे झाले, तर 'सरमिसळ', 'गावरान', 'तेलुगूच्या छायेतील' अशा एखाद्या विशेषणात तिची बोळवण होते.

तरी या भूमीला सिंज अगदीच लाभला नाही असे नाही. हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात मारलावाई येथे गोंडांमध्ये राहून, त्यांची भाषा शिकून ग्रंथ लिहिला; त्या काळी गोंडी मुलांसाठी निघालेली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत होती. आणि आमचे सेतुमाधवराव पगडी! इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना जाणतो. परंतु सरकारी अधिकारी म्हणून याच जिल्ह्यात असताना ते गोंडी शिकले, तिचे व्याकरण त्यांनी लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तकही लिहिले. अधिकाऱ्याला दुभाषा मिळतोच. तरीही त्यांनी कान दिला. मराठी लेखकाने परभाषिक शेजाऱ्याशी कसे वागावे, याचा आदर्श परदेशात शोधण्याची म्हणूनच गरज नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, प्रवासवर्णनाची थोरवी लेखकाने किती देश पाहिले यावर ठरू नये. पाहिलेल्या एका गावाला त्याने किती बोलू दिले, यावर ठरावी. आणि त्याची दुसरी बाजू आमच्याकडे, म्हणजे सीमेवरच्या माणसांकडे येते. ब्लॅस्केटच्या कोळ्याने पाहुण्याच्या पुस्तकाविषयी गाऱ्हाणे केले नाही. त्याने आपले पुस्तक लिहिले, आणि ते आपल्या बोलीत लिहिले. बेल्याच्या मराठीत तेलुगू शब्द आहेत, गोंडी शब्द आहेत. ते आमच्या शेजाराचे धन आहे, शुद्धीसाठी पुसून टाकण्याचा डाग नव्हे. त्या मराठीत पैनगंगेच्या पुराची, कापसाच्या वेचणीची, पैलतीरी दिलेल्या मुलीची हकीकत जोवर येथलाच कोणी लिहीत नाही, तोवर आमच्याविषयीचे अखेरचे वाक्य वाटसरूच्याच हाती राहील. वाटसरूने अवश्य यावे, दोन दिवस अधिक राहावे. लिहिण्याचे काम मात्र आम्ही त्याच्यावर टाकून चालणार नाही.