मोळीवाल्या म्हातारीचं घर कुठं?

मागच्या महिन्यात एका शाळेत गेलो होतो. चौथीचा वर्ग. निम्मी पोरं आपल्या वस्तीतली, बाकीची पारध्यांची, मुसलमानांची, ऊसतोडीवाल्यांची. वर्गात पुस्तकांचं कपाट, कपाटाला कुलूप, किल्ली गुरुजींच्या खिशात. पोरं पुस्तकं मळवतात म्हणे! उघडायला लावलं. आत राजे, पऱ्या, ससे, वाड्यातली हुशार मुलं, मामाची आमराई. आणि 'श्यामची आई'.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलंय, त्यात गोष्टीची पुस्तकंही. पण कुणाच्या गोष्टी? ते कायदा सांगत नाही. ते आपण विचारायचं.

एका पोरीला 'श्यामची आई'तला मोळीचा प्रसंग वाचायला दिला. म्हाताऱ्या महारणीची मोळी पडलेली, शिवायला कुणी तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे, घरी येऊन अंघोळ कर. पोरीनं घडाघडा वाचलं. मी विचारलं, "ही म्हातारी राहती कुठं गं?" पोरगी म्हणाली, "ते लिव्हलं नाय सर." जरा थांबून म्हणाली, "आमची आज्जी बी मोळी आनती."

या पुस्तकाची समीक्षा त्या पोरीनं एका वाक्यात केली.

साने गुरुजी खोटा माणूस नव्हता. १९४७ साली पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातली कळकळही खरी आहे. पण डोळे श्यामचे आहेत. म्हातारी येते ती श्यामचा चांगुलपणा सिद्ध करायला. तिला घर नाही, नातवंडं नाहीत, अंघोळीबद्दल तिचं काही मत नाही. आणि आपली पोर हे वाचते तेव्हा ती कुठं उभी राहणार? श्यामच्या बाजूला, की मोळीखाली? मुलांच्या पुस्तकात आपण आहोत, पण दयेपुरते.

हे दुखणं आपल्याच देशातलं नाही. १९७२ साली पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्यांच्या पोरांचंही तेच. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी तिथल्या तीन वर्षांतली ५२०६ बालपुस्तकं मोजली. काळं माणूस दिसलं फक्त ३४९ पुस्तकांत. त्यातल्याही निम्म्याहून जास्त गोष्टी परदेशातल्या नाहीतर जुन्या काळातल्या. म्हणजे काळं पोर पुस्तकात आलं, पण आज, इथं, शेजारच्या घरात नाही.

कुणी म्हणेल, तुमच्याकडं मुलांसाठी लिहिलेलं आहेच काय? आहे. १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. फुल्यांच्या शाळेतली पोर थेट पेशवाईचा हिशोब मागते, आमचा धर्म कोणता ते सांगा म्हणते. पोरीनं लिहिलेलं हे लिखाण पोरींच्या कपाटात का नाही? सोनकांबळ्यांच्या 'आठवणींचे पक्षी'त, मान्यांच्या 'उपरा'त, शांताबाई कांबळ्यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'त शाळेच्या दारातलं पोर उभं आहे. आपण ही पुस्तकं मोठ्यांची म्हणून ठेवून दिली. त्यातली पानं पोरांना झेपतील अशी वेगळी काढायचं काम कुणी करायचं?

आपलंही चुकतंय, मित्रांनो. १४ एप्रिलला बाबासाहेबांचं एक चरित्र बक्षीस दिलं की आपलं ग्रंथालय संपतं. आणि जे देतो त्यात नुसतं रडणं. आपली पोरं विहिरीत सूर मारतात, खेकडे धरतात, आज्जीला फसवतात, खदाखदा हसतात. ते कुठं आहे? आणि कपाट फक्त आपलंही नको. पारध्याची पोर, मुसलमानाचं पोरगं, आदिवासी मूल, सगळ्यांचे डोळे त्यात पाहिजेत. नाहीतर आपणही नवा वाडाच बांधू.

श्यामला कपाटातून काढा असं मी म्हणत नाही. राहू दे. फक्त त्याच्या शेजारी म्हातारीच्या नातीचं पुस्तक ठेवा. नसेल तर लिहा. लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या आज्ज्यांकडून ऐकून उतरवा, याच यंत्रावर स्टेन्सिल कापा, वर्गात वाटा.

आणि आधी ते कुलूप काढायला लावा. पुस्तकं मळू द्या.