'भलं झालं' हे कोणी म्हणायचं?

काही वर्षांपूर्वी एका वरिष्ठाने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं आणि माझ्यावर नोकरी सोडायची वेळ आली. पुढे मला त्याहून चांगली नोकरी मिळाली. मध्यंतरी एका लग्नात तेच सर भेटले आणि हसत म्हणाले, "बघ, तेव्हा तसं झालं म्हणून तुझं भलं झालं!" मला काही बोलायला सुचलं नाही. उत्तर नंतर सापडलं, ते बायबलमधल्या योसेफाच्या गोष्टीत.

'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायापासून ही गोष्ट सुरू होते. योसेफ याकोबाचा लाडका, म्हणून भावांच्या डोळ्यांत सलणारा. तो १७ वर्षांचा असताना भाऊ त्याला कोरड्या खड्ड्यात टाकतात. मग चांदीच्या २० नाण्यांना तो विकला जातो. मिसर देशात गुलामी, खोटा आळ, तुरुंग. ३०व्या वर्षी फारोच्या स्वप्नांचा अर्थ सांगून तो राज्याचा कारभारी होतो, सुकाळात धान्य साठवतो. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे येतात. शेवटी, ५०व्या अध्यायात तो त्यांना सांगतो की, त्यांनी त्याचं वाईट योजलं होतं, देवाने त्यातूनच चांगलं योजलं आणि पुष्कळांचे जीव वाचले.

हे वाक्य आपल्याकडे सुविचारासारखं फॉरवर्ड होऊ शकेल. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' या जातीचं. पण गोष्ट नीट वाचली की कळतं, लेखकाने ते इतकं स्वस्त ठेवलेलं नाही.

एक तर, ३७व्या अध्यायात देवाचा उल्लेखच नाही. घाव बसत असताना कोणी 'यामागे योजना आहे' असं म्हणत नाही. त्या अध्यायात खड्ड्यातल्या मुलाचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. तो गयावया करत होता हे आपल्याला कळतं ४२व्या अध्यायात, जवळपास २० वर्षांनी, भाऊ आपसांत कबुली देतात तेव्हा. भावांनी तेव्हा न ऐकलेली किंकाळी लेखक त्यांच्याच तोंडून आपल्यापर्यंत पोचवतो. मला हा या गोष्टीतला सगळ्यात ताकदीचा क्षण वाटतो.

दुसरं, देव या सगळ्या काळात योसेफाशी एकदाही थेट बोलत नाही. वळण येतं ते माणसामुळे. त्याला विकायची कल्पना यहूदाची. तोच यहूदा पुढे धाकट्या बन्यामीनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो. ते ऐकल्यावर योसेफाचा बांध फुटतो आणि तो आपली ओळख सांगतो. वाइटाचं चांगलं होताना वाईट करणाराही बदललेला असतो, हे इथे दिसतं.

तिसरं, मूळ हिब्रूत त्या वाक्याच्या दोन्ही भागांत क्रियापद एकच आहे: योजणं. दुसरा भाग पहिल्याला पुसत नाही. ओळख सांगताना योसेफ भावांना धीर देतो, मला देवानेच पुढे पाठवलं असं म्हणतो. त्यांच्या वाईट हेतूचं स्पष्ट नाव तो घेतो ते आणखी १७ वर्षांनी, बाप गेल्यावर. तेव्हा भाऊ घाबरलेले असतात. त्यांचा निरोप ऐकून तो रडतो. ते 'बघ, आमच्यामुळे तू मोठा झालास' असं म्हणत नाहीत. ते पाया पडतात.

आशीर्वादालाही इथे सावली आहे. ४७व्या अध्यायात भुकेली मिसरी जनता धान्यासाठी पैसे, गुरं, जमिनी देते आणि शेवटी स्वतःलाच फारोची गुलाम करून घेते. हा व्यवहार योसेफच करतो. पुढच्या पुस्तकात त्याचेच वंशज त्याच देशात गुलाम होतात. म्हणजे एकाचं भलं झालं म्हणून हिशोब मिटला, असं ही गोष्टच म्हणू देत नाही.

म्हणून माझं मत असं: 'यातून भलं झालं' हे वाक्य खड्ड्यात पडलेल्याचं आहे. ते त्याने म्हणावं, त्याला वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर म्हणूही नये. ढकलणाऱ्याच्या वाट्याला त्या वाक्याचा पहिलाच भाग येतो.

सर पुन्हा भेटले, तर एवढंच सांगेन.